रांगेची समीकरणे : ठाण्यातील एका टोकन-प्रणालीच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार

नौपाड्यातील एका रक्ततपासणी केंद्रात सकाळी सात ते दहा या वेळात उपाशी पोटी आलेल्या लोकांची गर्दी असते. त्यांना दिलेल्या टोकनची रांग चालवणारा जुना प्रोग्राम अधूनमधून एखादा नंबर गाळतो, तर कधी एकच नंबर दोनदा पुकारतो. तो नव्याने लिहून देण्याचे काम मी आणि ऐरोलीच्या कचेरीतील माझ्या एका सहकाऱ्याने शनिवार-रविवारच्या वेळात अंगावर घेतले आहे. जुना प्रोग्राम आज उघडून वाचला. दोष एखाद्या ओळीत नाही. रांग म्हणजे एक ॲरे (स्मृतीतील ओळीने लागलेल्या जागा) आणि दोन निर्देशांक असे गृहीत धरून प्रोग्रामच्या अनेक भागांतून त्या ॲरेला थेट हात घातलेला आहे, आणि रांगेने काय करायला हवे हे मात्र कुठेच लिहिलेले नाही.

म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधी रांगेची व्याख्या बीजगणिताच्या पद्धतीने करायची असे ठरवले. डेटा प्रकार त्याच्या आतल्या मांडणीवरून न ओळखता त्याच्यावर करता येणाऱ्या क्रियांवरून ओळखावा, हा विचार बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलेस यांनी १९७४ मध्ये मांडला. त्या क्रियांचा अर्थ केवळ त्यांच्या आपसांतील समीकरणांनी सांगता येतो, हे जॉन गुटॅग यांनी टोरांटो विद्यापीठातील १९७५ च्या प्रबंधात दाखवले. पन्नास वर्षांपूर्वीची ही कल्पना आमच्या कामाला हवी तेवढी आणि हवी तशी आहे.

११ जून, मंगळवार

सिग्नेचर ठरली, म्हणजे कोणते प्रकार आहेत आणि कोणती क्रिया कशापासून काय बनवते याची यादी तयार झाली. प्रकार दोन : टोकन आणि रांग. क्रिया चार : ‘नवी’ ही रिकामी रांग देते, ‘जोड’ रांगेच्या शेवटी एक टोकन लावते, ‘काढ’ पुढचे टोकन काढून उरलेली रांग देते आणि ‘पुढचा’ हे रांगेच्या तोंडाशी असलेले टोकन सांगते. समीकरणेही चारच पुरली.

काढ(जोड(नवी, अ)) = नवी
काढ(जोड(जोड(र, अ), ब)) = जोड(काढ(जोड(र, अ)), ब)
पुढचा(जोड(नवी, अ)) = अ
पुढचा(जोड(जोड(र, अ), ब)) = पुढचा(जोड(र, अ))

सहकाऱ्याने विचारले की यात रांग आहे कुठे. ॲरे नाही, साखळी नाही, स्मृतीतला पत्ता नाही. प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर नीट लिहून ठेवणे आवश्यक वाटते. या चार क्रिया एकमेकींत बसवून जेवढी पदे लिहिता येतील तेवढी सगळी कागदावर आहेत अशी कल्पना करावी. मग समीकरणे ज्या दोन पदांना एक म्हणायला भाग पाडतात, ती पदे एका गठ्ठ्यात ठेवावीत, आणि समीकरणे भाग पाडत नसतील तर ती वेगळीच ठेवावीत. असा प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक रांग. एका गठ्ठ्यातले कोणतेही पद उचलून क्रिया केली तरी सगळी उत्तरे एकाच गठ्ठ्यात पडतात, म्हणून क्रिया गठ्ठ्यांवरच होतात असे म्हणता येते. या रचनेला इनिशियल अल्जिब्रा म्हणतात. समीकरणे पाळणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही रचनेकडे हिच्यापासून क्रिया जपणारा एक आणि एकच मार्ग जातो, हे तिचे वैशिष्ट्य आहे. गोगेन, थॅचर, वॅगनर आणि राइट या चौघांनी १९७० च्या दशकात डेटा प्रकाराचा अर्थ म्हणजेच ही रचना अशी भूमिका घेतली. एकाच सिग्नेचरच्या एकरूप रचनांत, म्हणजे घटकांची नावे बदलली तरी क्रिया तंतोतंत जुळतात अशा रचनांत, भेद करायचा नाही हे त्यातच आले, आणि ‘अमूर्त डेटा प्रकार’ यातील ‘अमूर्त’ या शब्दाला नेमका गणिती अर्थ मिळाला.

शून्य आणि ‘पुढची संख्या’ एवढ्या दोनच क्रिया घेऊन, एकही समीकरण न लिहिता हीच रचना केली तर नैसर्गिक संख्या मिळतात. आमची टोकन त्याच संख्या आहेत.

१५ जून, शनिवार

रिकाम्या रांगेचा प्रश्न पुढे ढकलला होता, त्याने आज गाठले. ‘पुढचा(नवी)’ याबद्दल आमची समीकरणे काहीच सांगत नाहीत. मला वाटले होते की न सांगितलेली गोष्ट अस्तित्वात नसते. इनिशियल अल्जिब्रात नेमके उलट घडते. हे पद सिग्नेचरच्या नियमांनी लिहिता येते, आणि ते कोणत्याही संख्येबरोबर एक आहे असे कोणी म्हटलेले नाही, म्हणून ते स्वतःच एक नवे टोकन होऊन बसते. त्याला पुन्हा रांगेत जोडता येते. कोणालाही न दिलेले, तरीही पुकारले जाऊ शकणारे हे टोकन जुन्या प्रोग्राममध्येही होते की काय अशी शंका आली म्हणून तो तपासला. रांग संपल्यावर तो ॲरेच्या पुढच्या जागेतली शिल्लक संख्या उचलतो. एकच नंबर दोनदा पुकारला जाण्याचे कारण हेच.

अशा आगंतुक घटकांना या विषयात कचरा म्हणतात, आणि इनिशियल अल्जिब्राचे वर्णन बर्स्टॉल व गोगेन यांच्यापासून ‘कचरा नाही आणि गल्लत नाही’ असे केले जाते. म्हणजे पदांनी गाठता येत नाही असे काही तिच्यात नसते आणि समीकरणांनी न सांगितलेली बरोबरीही नसते. येथे अडचण थोडी निराळी आहे. नवे पद रांगेच्या संदर्भात रास्तच निर्माण झाले, पण संख्यांच्या प्रकारात ते उपरे आहे. ‘काढ’ आणि ‘पुढचा’ यांची प्रत्येक मांडणी शेवटी संख्यांपर्यंत किंवा ‘नवी’ आणि ‘जोड’ यांच्यापर्यंत उतरली पाहिजे, या अपेक्षेला गुटॅग पुरेशी पूर्णता म्हणतात, आणि आमची समीकरणे त्या कसोटीला उतरत नव्हती.

तीन उपाय चर्चेत आले. पुढचा(नवी) = ० असे लिहिणे सोपे होते, पण मग शून्य नंबराचा माणूस आणि कोणीच नसणे यांत फरक उरला नसता. ‘चूक’ नावाचा खास घटक प्रत्येक प्रकारात घालता आला असता, पण मग प्रत्येक क्रियेने त्या ‘चूक’चे काय करायचे याची समीकरणे भराभर वाढतात. आम्ही तिसरा मार्ग घेतला : ‘भरलेली रांग’ (किमान एक टोकन असलेली) हा ‘रांग’ याचा उपप्रकार केला, ‘जोड’ नेहमी भरलेली रांग देते असे सांगितले, आणि ‘काढ’ व ‘पुढचा’ यांना फक्त भरलेली रांगच घेता येईल असे ठरवले. आता पुढचा(नवी) हे नियमांत बसणारे पदच राहिले नाही. एक खाच उरली : काढ(काढ(…)) हेही वरवर पाहता बसत नाही, कारण आतल्या ‘काढ’चे उत्तर रिकामे असू शकते. आम्ही ही समीकरणे मॉड (Maude) या समीकरणेच प्रोग्राम म्हणून चालवणाऱ्या भाषेत चालवतो आणि तेथे असे पद तात्पुरते मान्य होते. सोपे करून झाल्यावर ते ‘जोड’वर आले तर त्याला प्रकार मिळतो, ‘काढ(नवी)’वर अडकले तर ते प्रकाराविनाच राहते, आणि चूक कुठे झाली हेही त्या पदावरून वाचता येते.

१६ जून, रविवार

समीकरणे डावीकडून उजवीकडे नियम म्हणून वापरली की प्रत्येक पद सोपे होत कुठेतरी थांबते का, हे तपासले. प्रत्येक नियमाने पद लहान होते असे मी सकाळी घाईने लिहिले होते. ते चुकीचे आहे. ‘काढ’च्या दुसऱ्या नियमात दोन्ही बाजूंची चिन्हे सारखीच भरतात. लांबी मोजण्याऐवजी प्रत्येक ‘काढ’च्या आत किती ‘जोड’ आहेत ते मोजून बेरीज केली, तेव्हा हिशेब जुळला : त्या नियमाने एक ‘जोड’ ‘काढ’च्या बाहेर येतो, म्हणून बेरीज घटते. ‘पुढचा’चे नियम ही बेरीज वाढवत नाहीत आणि चिन्हे कमी करतात. थांबणे सिद्ध झाले. चारही डाव्या बाजू एकमेकींवर कुठेच चढत नाहीत, म्हणजे पदाच्या एकाच भागावर दोन नियम दावा सांगत नाहीत, म्हणून न्यूमन यांच्या १९४२ च्या प्रमेयाप्रमाणे कोणत्याही क्रमाने नियम लावले तरी शेवटचे रूप एकच येते.

२२ जून, शनिवार

आजची नोंद मोठी होणार, कारण आज सगळी टोकने एकच झाली होती आणि ते आमच्या चाचण्यांना कळले नव्हते.

कंटाळून निघून गेलेल्या माणसाचा नंबर काढून टाकण्यासाठी ‘रद्द’ ही क्रिया हवी होती. तिची समीकरणे मी बुधवारी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये अशी लिहिली होती :

रद्द(नवी, अ) = नवी
रद्द(जोड(र, अ), अ) = रद्द(र, अ)
रद्द(जोड(र, ब), अ) = जोड(रद्द(र, अ), ब)

वाचताना अर्थ सरळ वाटतो : शेवटचा माणूस तोच असेल तर तो वगळा, दुसरा असेल तर त्याला ठेवा आणि मागे शोधत जा. पण तिसऱ्या समीकरणात ‘ब हा अ नसेल तर’ ही अट लिहायची राहिली. समीकरणातली अक्षरे कोणत्याही टोकनासाठी असतात. दोन वेगळी अक्षरे म्हणजे दोन वेगळी माणसे, हे वाचणाऱ्याच्या मनात असते, बीजगणितात नसते. ‘ब’च्या जागी ‘अ’ ठेवून रांग नवी घेतली की दुसरे समीकरण डाव्या बाजूला ‘नवी’ म्हणते आणि तिसरे तिलाच जोड(नवी, अ) म्हणते. म्हणजे रिकामी रांग आणि एका माणसाची रांग एकच. हे प्रत्येक टोकनाला लागू असल्याने जोड(नवी, ७) आणि जोड(नवी, ८) याही एकच, आणि दोन्हींवर ‘पुढचा’ लावला की ७ = ८. पुढे काहीच वेगळे उरत नाही.

चाचण्यांत हे दिसले नाही, कारण प्रत्येक वेळी योगायोगाने आधीचे समीकरण आधी लागू होत होते आणि उत्तर बरोबर येत होते. चूक सापडली ती कागदावर डाव्या बाजू एकमेकींवर ठेवून पाहताना. दोन नियम एकाच पदाला दोन वाटांनी नेत असतील, तर त्या वाटा पुन्हा एकत्र येतात का हे पाहणे, आणि न आल्यास तेथे नवा नियम लागतो की मूळ समीकरणेच बिघडली आहेत हे ठरवणे, ही पद्धत डोनाल्ड नूथ आणि पीटर बेंडिक्स यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केली. आमच्यापुढे रद्द(र, अ) आणि जोड(रद्द(र, अ), अ) अशी जोडी आली, आणि ती पाहताच लक्षात आले.

संध्याकाळी तलावपाळीवर सरांची भेट झाली. बीजगणित मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “अरे, ज्या रचनेत एकच घटक आहे ती जगातलं प्रत्येक समीकरण पाळते. नुसत्या समीकरणांच्या जोरावर तू तिला दाराबाहेर ठेवूच शकत नाहीस.” घरी येऊन यावर बराच वेळ विचार केला. गॅरेट बर्कहॉफ यांनी १९३५ मध्ये सिद्ध केले की समीकरणांनी वेगळा काढता येणारा रचनांचा वर्ग म्हणजे उपरचना, क्रिया जपणारी प्रतिमा आणि गुणाकार या तिन्हींखाली बंद असलेला वर्ग होय. एकाच घटकाची रचना कोणत्याही रचनेची प्रतिमा असते, म्हणून ती अशा प्रत्येक वर्गात येणारच. ७ आणि ८ वेगळे आहेत हे समीकरण म्हणून लिहिता येत नाही. सगळ्या रचनांतून इनिशियल रचना निवडल्यामुळेच ते वेगळे राहतात. त्यामुळे एखादे समीकरण जास्त पडले, तर व्याख्या तक्रार करत नाही, ती मुकाट्याने आकसते. लिहिलेली प्रत्येक बरोबरी आम्हाला खरोखर हवी आहे का, हे आम्हालाच पाहावे लागेल.

२६ जून, बुधवार

अट घातली. ‘अ’ आणि ‘ब’ सारखे आहेत का हे सांगणारी क्रिया संख्यांच्या भागात आधीच होती. सर्व जोड्या पुन्हा तपासल्या, ठीक आहेत.

६ जुलै, शनिवार

पायथनमधील अंमलबजावणीला सुरुवात केली. रांग दोन याद्यांत ठेवली आहे : पुढच्या यादीतून माणसे काढायची, मागच्या यादीत नवी माणसे उलट क्रमाने ठेवायची, आणि पुढची यादी संपली की मागची उलटवून पुढे आणायची. एक टोकन आयुष्यात एकदाच मागून पुढे जाते, म्हणून एखादी उलटवणी मोठी असली तरी सरासरीने प्रत्येक क्रियेचा खर्च स्थिर राहतो.

समीकरणांच्या दोन्ही बाजू यादृच्छिक पदांवर चालवून तुलना करणारी चाचणी लिहिली होती. ती पहिल्याच फेरीत अपयशी ठरली. १, २, ३ जोडून एक काढले तर पुढची यादी २, ३ आणि मागची रिकामी अशी जोडी मिळते. २, ३ हेच थेट नव्या रांगेत जोडले तर पुढची रिकामी आणि मागची ३, २ अशी जोडी मिळते. समीकरणे या दोहोंना एकच रांग म्हणतात, आणि पायथन त्यांना दोन वेगळ्या गोष्टी म्हणतो. सहकाऱ्याचा कल प्रत्येक क्रियेनंतर जोडी एकाच ठरावीक आकारात आणून ठेवण्याकडे होता. त्याने चाचणी उत्तीर्ण झाली असती, पण प्रत्येक वेळी उलटवणी करावी लागली असती आणि दोन याद्या घेण्याचे कारणच संपले असते.

अंमलबजावणी चुकलेली नाही, तुलना चुकलेली आहे. टोनी होअर यांनी १९७२ मध्ये सुचवल्याप्रमाणे प्रत्येक जोडीला तिच्या अर्थाकडे नेणारे फलन लिहिले : पुढच्या यादीला मागची यादी उलटवून जोडायची. मग सिद्ध करायचे ते एवढेच की हे फलन क्रिया जपते, म्हणजे जोडीवर ‘जोड’ करून अर्थ काढला काय किंवा आधी अर्थ काढून मग ‘जोड’ केला काय, उत्तर तेच. चारही क्रियांसाठी ते अर्ध्या पानात झाले. न टोकनांच्या एका रांगेच्या न + १ वेगवेगळ्या जोड्या असू शकतात. ज्या जोड्यांचा अर्थ एक, त्या एका गठ्ठ्यात टाकल्या की उरते ती रचना आमच्या इनिशियल अल्जिब्राशी एकरूप आहे. गटांच्या सिद्धांतातील पहिले एकरूपता प्रमेय महाविद्यालयात पाठ केले होते. ते एका चाचणीच्या अपयशातून समोर येईल असे तेव्हा वाटले नव्हते, आणि त्याचा आज झालेला आनंद येथे लिहून ठेवतो.

जुन्या प्रोग्रामचा मूळ दोष आता शब्दांत सांगता येतो. त्याच्या अनेक भागांना जोडीसारखी आतली मांडणी थेट दिसत होती, म्हणून एकाच रांगेच्या दोन मांडण्यांना ते निरनिराळी उत्तरे देत होते.

१३ जुलै, शनिवार

केंद्रावर जाऊन आलो. टोकनसोबत आणखी दोन संग्रह हवे आहेत : रुग्णाच्या तपासण्यांची यादी आणि गोळा केलेल्या नळ्यांची पेटी. दोन्हींची सिग्नेचर एकच, ‘रिकामी’ आणि ‘घाल’. काउंटरवरच्या ताईंना विचारले की चिठ्ठीवर एकच तपासणी दोनदा आली तर काय. त्या म्हणाल्या, “शुगर दोनदा लिहिली तरी एकदाच काढतो. पण उपाशीपोटीची वेगळी आणि जेवणानंतरची वेगळी, त्या दोन धरायच्या. नळ्यांचं तसं नाही, जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या म्हणजे दोनच.”

त्यांच्या तीन वाक्यांत दोन डेटा प्रकारांची समीकरणे आली.

घाल(घाल(स, अ), ब) = घाल(घाल(स, ब), अ)
घाल(घाल(स, अ), अ) = घाल(स, अ)

पहिले समीकरण दोन्हींना लागू आहे, कारण क्रमाला अर्थ नाही. दुसरे फक्त तपासण्यांना लागू आहे. एकही समीकरण नसेल तर क्रमवार यादी, पहिले घेतले तर पेटी, दोन्ही घेतली तर संच.

बिलासाठी ‘मोज’ ही क्रिया मी पेटीसाठी लिहिली आणि तीच संचाला लावली : मोज(घाल(स, अ)) = १ + मोज(स). तेथे पुन्हा २२ जूनचीच गोष्ट घडली. एकदा घातलेली आणि दोनदा घातलेली तपासणी एकच असल्याने १ = २ आले, आणि या वेळीही गल्लत संचापुरती न राहता संख्यांत शिरली. संचासाठी ‘आधीच आहे का’ हे पाहूनच एक मिळवायला हवे. काउंटरवर जे बिल दुप्पट लागले असते, ते येथे संख्यांच्या कोसळण्यातून आधीच दिसले.

मिचेल वाँड यांनी १९७९ मध्ये मांडलेली दुसरी बाजूही येथे पटते. इनिशियल दृष्टी म्हणते की सांगितल्याशिवाय दोन गोष्टी एक मानू नका. त्यांची फायनल दृष्टी म्हणते की फरक दाखवता आल्याशिवाय त्या वेगळ्या मानू नका. संग्रहाला ‘हे आहे का’ एवढेच विचारता येत असेल, तर यादी, पेटी आणि संच यांत बाहेरून फरक उरत नाही आणि फायनल दृष्टीला तिन्ही संचच दिसतात. ताई मोजतात, म्हणून पेटी वेगळी ठरते.

२० जुलै, शनिवार

शेवटची मागणी अशी : पुकारल्यावर माणूस हजर नसेल तर त्याला तीन जणांच्या मागे टाकायचे. आमची रांग शेवटाकडून बांधली जाते, म्हणून ‘आत’ अशी एक मदतनीस क्रिया घेतली. र मध्ये जास्तीत जास्त न जण असतील तर आत(र, अ, न) = जोड(र, अ), आणि जोड(र, ब) मध्ये न पेक्षा जास्त जण असतील तर आत(जोड(र, ब), अ, न) = जोड(आत(र, अ, न), ब). मग भरलेल्या रांगेसाठी

गैरहजर(र) = आत(काढ(र), पुढचा(र), ३).

आत(आत(र, अ, ३), ब, ३) हे पद सोडवले तेव्हा काळजी वाटली, कारण नंतर आलेला ब हा अ च्या पुढे उभा राहतो. ‘गैरहजर’ मात्र दर वेळी तोंडाचा एक माणूस काढते, त्यामुळे आधीचा अनुपस्थित एक जागा पुढे सरकलेला असतो आणि दुसरा बरोबर त्याच्या मागे बसतो. तेव्हा ‘आत’ ही क्रिया व्याख्येत आवश्यक आहे, परंतु प्रोग्रामच्या इतर भागांना ती दिसता कामा नये. बर्गस्ट्रा आणि टकर यांनी दाखवले आहे की अशा लपवलेल्या क्रियांची मुभा असेल तर संगणनीय असलेला कोणताही डेटा प्रकार मोजक्या समीकरणांत सांगता येतो.

सर्वांत लहान पद शेवटी सोडवले : गैरहजर(जोड(नवी, अ)) = जोड(नवी, अ). रांगेत एकटा उरलेला माणूस बाहेर गेला असेल, तर फलकावर त्याचाच नंबर अखंड पुकारला जाईल. ताईंना दूरध्वनीवर विचारले. “तीनदा पुकारलं की नंबर बाद, पहिल्यापासून तसंच आहे,” असे त्या म्हणाल्या. म्हणजे आमचे टोकन नुसती संख्या असून चालणार नाही; ती संख्या आणि पुकारण्याची गणना यांची जोडी हवी, आणि ‘रद्द’मधल्या अटीने या जोडीतील फक्त संख्येचीच तुलना केली पाहिजे. सिग्नेचरमधील टोकनाची ओळ बदलली आहे; ‘रद्द’ आणि ‘गैरहजर’ यांच्या डाव्या बाजू उद्या सकाळी पुन्हा एकमेकींवर ठेवून पाहायच्या आहेत.